राजपत्रात नावबदल: अर्ज अडकतो तो ‘जुने नाव’ या रकान्यात

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची सूचना छापून घेणं तसं सरळ काम आहे. शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, अर्ज भरायचा, फोटो, सही आणि पुरावे अपलोड करायचे, फी भरायची. सूचना राजपत्राच्या भाग दोनमध्ये येते. अर्जदार सज्ञान असेल तर स्वतः, नाहीतर आईवडील किंवा पालक अर्ज करतात.

पण आधी हे बघा, की तुम्हाला राजपत्र लागतंय का. कुणीतरी ‘गॅझेट कर’ म्हणतं आणि माणूस पैसे भरून मोकळा होतो. जन्मदाखल्यातली चूक राजपत्राने सुधारत नाही. ती जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 च्या कलम 15 खाली निबंधक दुरुस्त करतो. दाखल्यावर बाळाचं नावच नसेल तर कलम 14 बघा: नोंदणीपासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. इथे पालक हमखास गोंधळतात. 21 दिवसांची मुदत जन्म कळवण्याची आहे, नाव ठरवण्याची नाही. बारसं लांबलं म्हणून धास्तावू नका.

आता तो रकाना. जुनं नाव म्हणजे घरात-गावात ज्या नावाने हाक मारतात ते नव्हे. ते कागदावर जसं आहे तसं, अक्षरन् अक्षर. आणि आपल्याकडे गोची अशी, की आदराने लावलेलं ‘बाई’, ‘राव’, ‘आप्पा’ कागदातही शिरलेलं असतं. सातबाऱ्यावर तलाठ्याने कधीकाळी ‘गणपतराव’ लिहिलं, शाळेत ‘गणपत’, आधारवर ‘गणपती’. तिघेही एकच, हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं, खिडकीपलीकडच्या माणसाला नसतं. त्याला दोष देऊन उपयोग नाही, पण सरकारी माणसानेच केलेल्या नोंदीचा खुलासा सामान्य माणसाकडे मागतात, तेव्हा चीड येतेच. अशा वेळी एकच जुनं नाव लिहून भागत नाही. कागदोपत्री असलेली सगळी रूपं ‘उर्फ’ लावून लिहा आणि प्रतिज्ञापत्रातही तोच क्रम ठेवा. ‘राव’ गाळण्यासाठी राजपत्र कशाला, असं वाटेल. वारसनोंदीच्या वेळी कळतं कशाला ते.

आडनाव आधी की शेवटी, हाही घोळ आहे. शाळेच्या दाखल्यावर ते बहुधा आधी असतं, आधारवर शेवटी. अर्जातल्या रकान्यांची नावं वाचून भरा, सवयीने नको. इंग्रजी स्पेलिंग ज्या कागदावर बदल करून घ्यायचा आहे, त्यावरूनच उतरवा. एकदा छापलेली ओळ पुसता येत नाही.

सगळ्यात जास्त हाल होतात ते सासरी नाव बदललेल्या बायकांचे. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, माहेरची ‘कुसुम’ त्या दिवसापासून ‘वैशाली’ झाली, पण कागदाला कुणी कळवलंच नाही. शाळेचा दाखला कुसुमच्या नावाने, रेशनकार्ड वैशालीच्या. मधला दुवा म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि नेमकं तेच जुन्या जोडप्यांकडे नसतं. लग्नाला कितीही वर्षं झाली असली तरी नोंदणी करता येते, ती आधी करून घ्या. साक्षीदार मिळतात, पुरोहित मात्र बऱ्याचदा हयात नसतात. त्याबाबत काय चालेल ते निबंधकाला आधीच विचारा, फॉर्म भरून रांगेत उभं राहिल्यावर नको. आणि नव्या नवऱ्या मुलींसाठी: लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. ‘सगळे करतात’ हे कारण पुरेसं वाटत नसेल तर हा सगळा खटाटोप करूच नका.

आईच्या नावाबद्दलही बरेच गैरसमज पसरले आहेत. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदपत्रांत बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहायचं, असा राज्य शासनाचा निर्णय आहे. म्हणजे ‘आरव सुनीता महेश पाटील’. ही जन्मतारखेची अट आहे, अर्जाच्या तारखेची नाही. त्याआधी जन्मलेल्यांना या निर्णयामुळे काहीही बदलावं लागत नाही. कुणी त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका.

राजपत्र हातात आलं म्हणजे नाव बदललं, असंही नाही. सूचनेतल्या मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही, असं राजपत्र स्वतःच छापतं. ती फक्त जाहीर सूचना. प्रत्येक खात्यात बदल तुम्हालाच करून घ्यावा लागतो, आणि त्यात जात बदलत नाही. आडनाव बदललं तरी जातीच्या दाखल्याचा मार्ग वेगळाच.

पुढे आधार आधी, मग पॅन, मग बँक. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यामुळे ‘सध्या आडनाव बदलू, पहिलं नाव पुढच्या महिन्यात’ असं करू नका, दोन्ही संधी संपतील. पूर्ण नाव बदलत असाल तर राजपत्रासोबत जुन्या नावाचा फोटो असलेला पुरावाही मागतात, तेव्हा नवं कार्ड आल्याच्या आनंदात जुनी फाडू नका. पॅनच्या अर्जात विवाहित स्त्रीनेही वडिलांचंच नाव लिहायचं असतं, पतीचं नाही. एकल मातेच्या अपत्याला मात्र वडिलांचं नाव देण्याची सक्ती 5 डिसेंबर 2018 पासून उरलेली नाही. पॅनवर पहिल्या नावाची आणि आडनावाची आद्याक्षरं चालत नाहीत, पूर्ण शब्द लिहा.