बोटांचा वात: झिजेचा की आमवाताचा?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे बोटं आखडली की घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "वात आहे." अहिराणीत "हात दुखस" एवढ्यावर विषय संपतो आणि मलम आणलं जातं. पण या एका वातात दोन निराळे आजार गुंडाळले जातात. एक सांध्याची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. दुसरा आमवात, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिस. झिजेत हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा विरत जाते. आमवातात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. झिजेला महिना-दोन महिने उशीर झाला तरी फारसं बिघडत नाही. आमवातात मात्र पहिले काही महिने फार मोलाचे, कारण तेव्हा औषध सुरू झालं नाही तर सांधा कायमचा वाकडा होऊ शकतो.

आधी हाताकडे नीट बघा. झीज बसते ती नखाजवळच्या सांध्यात आणि अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाला लागून. नखामागे दोन बाजूंना वाटाण्याएवढ्या टणक गाठी येतात, दाबल्या तर हाड लागतं. आमवात नखाजवळचा सांधा सहसा सोडतो. तो मनगटात आणि मूठ वळल्यावर वर येणाऱ्या उंचवट्यांत शिरतो, बहुधा दोन्ही हातांत. त्याची सूज मऊ असते, भिजवलेल्या कणकेवर बोट ठेवल्यासारखी, आणि सांधा कोमट लागतो. मूठ वळून बघा: निरोगी हाताला दोन उंचवट्यांमध्ये स्पष्ट खाच दिसते, सुजलेल्या हाताची खाच भरून आलेली असते. हस्तांदोलन करताना दाबतो तसे ते चार उंचवटे आडवे, हलकेच दाबले आणि कळ आली, तर आमवाताची शंका घ्यायची. बोटाचा मधला सांधा दोन्ही आजारांत दुखतो, त्यावरून काही ठरवू नका.

दुसरी खूण घड्याळाची. झिजेचा आखडलेपणा सकाळी अर्ध्या तासाच्या आत सुटतो आणि दुखणं कामाबरोबर संध्याकाळपर्यंत वाढतं. आमवातात उठल्यावर तासभर, कधी त्याहून जास्त, बोटं वळत नाहीत. हातातली कपबशी सांभाळवत नाही, आणि हालचाल सुरू झाली की उलट सैल वाटतं. आपल्याकडे घोळ होतो तो हंगामामुळे. कापूस वेचणी आणि कडाक्याची थंडी एकाच वेळी येते, म्हणून सगळा दोष थंडीवर जातो. त्यावर उपाय सोपा आहे: सात दिवस उठल्याची वेळ आणि मूठ पूर्ण वळली ती वेळ कागदावर लिहा. हा कागद डॉक्टरांच्या फार कामाचा असतो. चिकनगुनियाचा ताप येऊन गेला असेल तर त्याची तारीखही लिहा, कारण त्यानंतर महिनोन्महिने सांधे अगदी आमवातासारखे सुजू शकतात.

रक्ताच्या तपासण्यांवर डोळे झाकून भरवसा ठेवू नये. आरए फॅक्टर ही आमवातासाठी करतात ती तपासणी काही निरोगी माणसांत, विशेषतः उतारवयात, पॉझिटिव्ह येतो आणि आमवात असलेल्या काहींत निगेटिव्ह. अँटी-सीसीपी ही त्याचसाठीची दुसरी तपासणी जास्त नेमकी, पण तीही निगेटिव्ह येऊ शकते. ईएसआर आणि सीआरपी फक्त दाह किती आहे ते सांगतात. झिजेत ते सहसा वाढत नाहीत. उंचवटे सुजलेले असतील आणि रिपोर्ट चांगला असेल, तर सुजेचं ऐकावं. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे मेडिसिनच्या ओपीडीत दाखवता येतं.

झीज असेल तर खरं काम हाताच्या वापरावर करायचं. बोंडातून कापूस ओढताना अंगठा आणि दोन बोटांची चिमट असते. चिमटीच्या टोकाशी 1 किलो जोर लावला तर अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर सुमारे 12 किलोचा दाब येतो, आणि वेचणीत ही चिमट दिवसभर चालते. म्हणून कामाच्या वेळी अंगठ्याचं बूड धरून ठेवणारा पट्टा बांधावा. बोटांची टोकं मोकळी राहायला हवीत. खुरप्याची, विळ्याची मूठ जुनं कापड किंवा सायकलची ट्यूब गुंडाळून जाड करावी, म्हणजे घट्ट आवळावं लागत नाही. हंडा बोटांनी काठाला न धरता खालून तळहाताने आणि कोपराने पेलावा. कपडा नळाला अडकवून दोन्ही हातांनी पिळावा. कळण्याच्या भाकरीचं पीठ उडदामुळे चिकट होतं, मळताना बोटांच्या टोकांपेक्षा तळहाताचा भार द्यावा; फार दुखत असेल तर दोन प्लॅस्टिकमध्ये ठेवून लाटली तरी भाकरी होते. सोसेल इतक्या कोमट पाण्यात 10 ते 15 मिनिटं हात बुडवून, मग अंगठ्याने प्रत्येक बोटाच्या टोकाशी गोल करावा, 10 वेळा, दिवसातून दोनदा. गच्च रबरी चेंडू दाबणं टाळा, त्याने अंगठ्याचं बूड आणखी चिडतं. आधी डायक्लोफेनॅकचं जेल, ते पुरलं नाही तरच गोळी, कारण दुखण्याच्या गोळ्या जठर आणि मूत्रपिंड दोन्हींवर ताण देतात.

आमवाताला हे सगळं पुरत नाही, कारण दाह औषधाशिवाय विझत नाही. बहुतेकांना पहिलं औषध मिळतं ते मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं, आणि चूक नेमकी इथेच होते: रोजची गोळी समजून घेतली तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात, जीवावर बेततं. गावच्या बाजाराचा वार ठरवून टाका. बाजारचा दिवस म्हणजे मेथोट्रेक्सेटचा दिवस. सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची (एका जीवनसत्त्वाची) गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या वारी. गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात, तेवढ्यात निराश होऊन सोडू नये. रक्ताची आणि यकृताची तपासणी ठरल्या वेळी करावीच. दारू वर्ज्य, मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, गर्भारपणात हे औषध चालत नाही. बिडी सोडली तर आमवाताला नक्की फायदा.

चार दिवसांत जादूसारखा गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. घेत असाल तर अचानक बंद करू नका, तेही धोक्याचं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. वांगं आणि उडीद वातूळ म्हणून भरीत आणि कळणा बंद केल्याने सांधे सुधारतात, याला भक्कम पुरावा नाही. जेवण तुटलं तर अशक्तपणा मात्र वाढतो.

दोन्ही आजारांत एक तिसरं दुखणं उरू शकतं. सूज गेली, सीआरपी खाली आला, तरी हात, मान, पाठ दुखतच राहतं, झोप लागत नाही, अंग सतत मोडून येतं. वर्षानुवर्षं कळ सोसून मज्जासंस्था हळवी झालेली असते. हे दुखणं खरं आहे, मनाचे खेळ नव्हेत. पण त्यासाठी आमवाताचं औषध वाढवून उपयोग होत नाही. झोप सुधारणं, रोज 10 मिनिटांपासून सुरू करून चालणं वाढवणं, आणि गरज पडली तर मज्जासंस्था शांत करणारी वेगळी औषधं, हा त्याचा मार्ग. कामाचंही गणित बदलावं लागतं. आज बरं वाटतंय म्हणून दोन दिवसांची वेचणी एका दिवसात उरकली की पुढचे चार दिवस अंथरुणात जातात. दर 20-30 मिनिटांनी, कळ यायच्या आधीच, 2-3 मिनिटं हात खाली सोडून थांबा. काम संपल्यावर वाढलेलं दुखणं दोन तासांहून जास्त टिकलं, तर दुसऱ्या दिवशी तेच काम थोडं कमी करा.