पिस्टन जाम की गाईड पिन जाम? पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड बदलताना ओळखायचा फरक

चाक काढलं, जुने पॅड बाहेर आले आणि आतला पॅड लोखंडाला टेकलेला, बाहेरच्यावर मात्र चार-पाच मिमी लायनिंग (पॅडचा घासणारा थर) शिल्लक असं दिसलं, की नागपुरात कुठल्याही गॅरेजात एकच निदान ऐकू येतं: "कॅलिपर जाम झाला भाऊ, नवीनच टाकावा लागते." कॅलिपर म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा चिमट्यासारखा भाग. पण 'कॅलिपर जाम' या दोन शब्दांत दोन वेगळे बिघाड आहेत. एकात आतला पिस्टन अडकलेला असतो. दुसऱ्यात पिस्टन ठणठणीत असतो, ज्या दोन गाईड पिनांवर कॅलिपर सरकतो त्या अडकलेल्या असतात. पहिल्याला सील किट किंवा नवा कॅलिपर लागतो. दुसरा बिघाड पिना साफ करून आणि योग्य ग्रीस लावून घरच्या अंगणात सुटतो. दोन्ही वेळा आतलाच पॅड आधी संपू शकतो, म्हणून गोंधळ होतो.

आधी रचना पाहू. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, आणि पुढचा कॅलिपर तरंगता असतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला, म्हणजे इंजिनाकडे. पेडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर रेटतो. त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर पिनांवरून आत सरकतो आणि बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून आणतो. पेडल सोडलं की पिस्टनभोवतीचं चौकोनी छेदाचं रबर सील, जे दाबाखाली पिळलेलं असतं, सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे घेतं. ब्रेक 'सुटतो' तो एवढ्यानेच. तिथे दुसरी कुठली स्प्रिंग नसते.

आता पिना अडकल्या असं समजा. पिस्टन आतला पॅड रेटतो, पण कॅलिपर सरकत नसल्याने बाहेरचा पॅड जवळजवळ कामच करत नाही. परिणामी एकाच चाकावरच्या दोन पॅडांत मोठा फरक पडतो. कधी उलटही होतं: कॅलिपर दाबलेल्या स्थितीत अडकतो आणि बाहेरचा पॅड डिस्कला चिकटून घासत राहतो. बाहेरचा पॅड जास्त झिजलेला दिसला तर संशय आधी पिनांवरच घ्यावा. एकच पिन अडकली तर पॅड पाचरीसारखा तिरका झिजतो, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ.

पिस्टन बाहेरच्या स्थितीत अडकला तर चित्र वेगळं. कॅलिपर मोकळा सरकत असतो, म्हणून दोन्ही पॅड डिस्कला चाटत राहतात. आतला थोडा जास्त झिजतो, पण बाहेरचाही मागे राहत नाही. त्या चाकाचे दोन्ही पॅड दुसऱ्या बाजूच्या चाकापेक्षा लवकर संपतात. आणि पिस्टन आत अडकून बाहेरच येत नसेल, तर त्या चाकाचे दोन्ही पॅड नव्यासारखे राहतात आणि ब्रेक मारल्यावर गाडी दुसऱ्या बाजूला ओढते.

म्हणून एका पॅडकडे बघून निर्णय देऊ नये. चारही पॅडांचं लायनिंग व्हर्नियरने मोजून कागदावर लिहावं: डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा. मागची लोखंडी पट्टी मोजायची नाही. एकाच चाकाच्या दोन आकड्यांत मोठी दरी असेल तर पिना. दोन चाकांमध्ये दरी असेल तर पिस्टन. ही दिशा झाली. खात्री हातानेच होते.

गाडी सपाट जागेवर, पहिल्या गियरमध्ये, हॅन्डब्रेक ओढून, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावून ठेवा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच ढिले करा. जॅकने उचलल्यावर चॅसीखाली स्टॅन्ड द्या. नुसत्या जॅकवर पिकअपखाली हात घालायचा नाही, विटांच्या चवडीवर तर अजिबातच नाही. हॅन्डब्रेक मागच्या ड्रमवर चालतो, त्यामुळे पुढचं चाक फिरवून बघायला त्याची अडचण नसते. पेडल दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. हलकं चाटणं ठीक, पण चाक जागच्या जागी थांबत असेल तर ब्रेक सुटलेला नाही.

पिनांची परीक्षा सोपी आहे. खालच्या पिनचा बोल्ट काढा, कॅलिपर वर उचलून तारेने बांधा. ब्रेकच्या होजवर (ऑईलच्या रबरी नळीवर) तो लोंबकळू देऊ नका. पिन रबर बुटासकट (पिनवरच्या रबरी आवरणासकट) हाताने आत-बाहेर करा. ती बोटांच्या जोराने सरकली पाहिजे आणि आतल्या हवेमुळे किंचित मागे ढकलली गेली पाहिजे. पाना लावून फिरवावी लागत असेल किंवा ओढल्यावर कोरडी, गंजकी बाहेर येत असेल, तर दोषी सापडला. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागांत जाणाऱ्या गाड्यांत हे हमखास दिसतं: काळ्या मातीचा चिखल फाटलेल्या बुटातून पिनच्या भोकात शिरतो आणि ऊन पडलं की सिमेंटासारखा बसतो. तोच चिखल पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तिथेही भरतो, आणि मग पिना मोकळ्या असूनही पॅड अडकतो. नवे पॅड बसवण्याआधी खाच तारेच्या ब्रशने घासा आणि क्लिपा नव्या टाका.

दुसरं कारण माणसाच्या हातचं आहे, आणि घरच्या कामात तेच जास्त नडतं. डब्यातलं साधं चॅसी ग्रीस पिनांना लावलं जातं. त्यातल्या खनिज तेलाने ब्रेकचं रबर फुगतं. काही पिनांच्या टोकाला रबरी बुश असतो; तो फुगला की चकचकीत पिनही भोकात घट्ट बसते. इथे ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच लागतं, तेही पातळ थराने. भोक ग्रीसने गच्च भरलं तर पिन आत जाताना हवेला जागा उरत नाही आणि पिन पुन्हा बाहेर ढकलली जाते. बुशवाली पिन वर होती की खाली, हे काढतानाच खुणेने लिहून ठेवा. अदलाबदल झाली तर सगळं बसतं, पण नीट सरकत नाही.

पिना मोकळ्या निघाल्या तरच पिस्टनकडे वळा. आधी ब्रेक ऑईलच्या टाकीतून थोडं ऑईल सिरिंजने काढा, कारण पिस्टन आत गेला की पातळी वर येते, आणि सांडलेलं ऑईल रंग खातं. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. निरोगी पिस्टन एकसारख्या जोराने आत जातो. झटके देत जात असेल किंवा हलतच नसेल तर लगेच 'जाम' म्हणू नका; इथे आणखी एक चकवा आहे. जुन्या होजच्या आतलं रबर फुगून वाट बंद होते. पेडलच्या जोराने ऑईल पुढे जातं, पण परत येत नाही. लक्षणं हुबेहूब अडकलेल्या पिस्टनची. ब्लीड निप्पलला (कॅलिपरवरच्या, ऑईलमधली हवा काढायच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडा, निप्पल सैल करा आणि पुन्हा दाबा. आता पिस्टन सहज गेला तर कॅलिपर चांगला आहे. अडथळा होजमध्ये किंवा त्याच्याही वर, पेडलने ऑईलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे आहे. निप्पल उघडूनही गेला नाही, तर पिस्टन खरंच गंजला आहे. दोन पिस्टनच्या कॅलिपरमध्ये एक दाबताना दुसरा बाहेर येतो, म्हणून दोन्ही एकदम दाबावे.

पिस्टन गंजण्याचं एक कारण ऑईलमध्येच असतं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ या प्रतीच्या ऑईलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. तेच पाणी सिलिंडरमध्ये गंज धरतं. दर दोन वर्षांनी ऑईल बदलणं हा पिस्टन वाचवण्याचा स्वस्त उपाय आहे. पिस्टन काढून पाहिल्यावर सीलच्या जागी खड्डे असतील तर पॉलिश करून वापरू नका, कारण सील त्याच पृष्ठभागावर टेकतं. सुटे भाग फक्त ब्रेक क्लीनरने किंवा ताज्या ब्रेक ऑईलने धुवा. पेट्रोल-डिझेलने सील फुगतं. सील किट बसवायचा अनुभव नसेल तर कॅलिपर खोलून मेकॅनिककडे न्यावा, हेच शहाणपणाचं.

उष्णतेवरून फरक ओळखणारेही बरेच आहेत. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी उन्हात उभी राहिलेली प्रत्येक रिम चटका देते, तेव्हा ही चाचणी पहाटे करावी. कमीत कमी ब्रेक मारत पाच-सहा किलोमीटर चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही डिस्क मोजा. एक डिस्क दुसरीपेक्षा खूप तापली असेल तर ब्रेक सुटत नाही, एवढं कळतं. पिस्टन की पिन, हे कळत नाही.

पॅड नेहमी दोन्ही चाकांचे, चारही एकदम बदला. डिस्कच्या काठावर किमान जाडी कोरलेली असते; त्याखाली गेली असेल तर नवे पॅड टाकून उपयोग नाही. पिनचे बोल्ट बारीक असतात, सहसा २५ ते ३५ न्यूटन-मीटरमध्ये बसतात. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या आणि लांब टॉमी (दांडा) लावून आवळू नका. निप्पल उघडला असेल तर हवा काढून घ्या. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, नाहीतर पहिल्या ब्रेकला पेडल थेट फळीला टेकतं. मग नागपूरच्या मिहानकडच्या एखाद्या मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० च्या वेगापर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा, दर वेळी अर्धा किलोमीटर थंड होऊ द्या. महिनाभर माल वाहून झाला की चाक पुन्हा काढा आणि तेच चार आकडे जुन्या कागदावर शेजारी लिहा. आतल्या-बाहेरच्या पॅडांत आताच फरक पडू लागला असेल, तर पिनचे बूट आधी तपासा.