पार्श्वभूमी: अडवला रिसेप्टर, वाढला आकडा

२०२०-२१ मध्ये मुंबई-पुण्यातल्या कोविड वॉर्डांबाहेर नातेवाइकांच्या मोबाइलवर जे रिपोर्ट फिरत होते, त्यात सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर या दाहाच्या आणि रक्त गोठण्याच्या खुणांच्या जोडीला आयएल-६चा, म्हणजे पेशींना दाहाचा संकेत देणाऱ्या इंटरल्यूकिन-६ या प्रथिनाचा, आकडाही असायचा. टोसिलिझुमॅब या दाह रोखणाऱ्या औषधाची कुपी कशीबशी मिळवून रुग्णाला दिली, की पुढच्या तपासणीत सीआरपी उतरलेला आणि आयएल-६ मात्र चढलेला, असं चित्र दिसू शकतं. पैसे पाण्यात गेले, असं कुणालाही वाटेल. पण औषध काम करतंय, म्हणूनच बऱ्याचदा तसं होतं. टोसिलिझुमॅब आयएल-६ला हातही लावत नाही, ते त्याच्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याचा संकेत टिपणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनावर, जाऊन बसतं. रक्तातलं आयएल-६ पेशीत ओढून संपवण्याचं कामही बऱ्याच अंशी हाच रिसेप्टर करतो. तो अडवला की प्रथिन रक्तात साचत जातं. आकडा फुगतो, पण त्याचं ऐकणारं कुणी उरलेलं नसतं.

या प्रथिनाचा शोध तसा तुकड्यातुकड्यांनी लागला. बी-पेशींना प्रतिपिंडं बनवायला लावणारा घटक म्हणून १९८६ मध्ये ओसाकातल्या एका गटाने त्याचा जनुक वेगळा केला. इतर प्रयोगशाळा यकृतपेशींना चेतवणारा घटक किंवा एक प्रकारचा इंटरफेरॉन समजून ज्यांच्या मागे होत्या, तेही हेच प्रथिन निघालं. रिसेप्टरचा जनुक १९८८ मध्ये हाती आला आणि कोडं वाढलं. या रिसेप्टरचा पेशीच्या आत असलेला भाग अगदी तोकडा आहे, तो स्वतः आत संकेत पोचवत नाही. ते काम जीपी-१३० नावाचं दुसरंच प्रथिन करतं, आणि ते शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींवर असतं. आयएल-६चा खास रिसेप्टर मात्र मुख्यतः यकृतपेशी आणि काही पांढऱ्या पेशींवरच सापडतो. म्हणजे कुणी ऐकायचं, हे रिसेप्टर ठरवणार.

शाळेतलं कुलूप-किल्लीचं चित्र इथवर चालतं. पुढे अडचण अशी, की इथे कुलूपच दारातून निखळून रक्तात फिरतं. पेशीच्या पृष्ठभागावरचं एक एन्झाइम रिसेप्टरचा बाहेरचा भाग कापून टाकतं. हा सुटा रिसेप्टर आयएल-६ला धरतो आणि ही जोडी ज्या पेशीवर फक्त जीपी-१३० आहे, तिथेही संकेत सुरू करते. रक्तवाहिन्यांच्या अस्तराची पेशी, जिला एरवी आयएल-६ ऐकू येत नाही, तीही मग जागी होते. टीएनएफ या दुसऱ्या दाहक प्रथिनाच्या बाबतीत सुटा रिसेप्टर प्रथिनाला नुसता धरून ठेवतो आणि शांत करतो. एटानरसेप्ट हे संधिवातावरचं औषध त्याच तत्त्वावर बनलं. आयएल-६चा प्रकार नेमका उलटा.

यावरून पुढे एक सुटसुटीत मांडणी रूढ झाली: पेशीवरच्या रिसेप्टरमार्गे येणारा संकेत चांगला, सुट्या रिसेप्टरमार्गे येणारा दाहक. मला ती जरा जास्तच सुटसुटीत वाटते. या रिसेप्टरच्या अमिनो आम्लांच्या साखळीत ३५८ व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी अ‍ॅलानिन असलेली माणसं असंख्य आहेत. त्यांच्यात रिसेप्टर जास्त कापला जातो आणि रक्तात सुटा रिसेप्टर वाढतो. मांडणीप्रमाणे त्यांचा दाह वाढायला हवा. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या विश्लेषणांत त्यांचा सीआरपी कमी आणि हृदयविकाराचा धोकाही थोडा कमी आढळला. पेशीवरचे रिसेप्टर घटले, हे एक कारण. शिवाय रक्तात सुटं जीपी-१३०ही भरपूर असतं आणि ते त्या जोडीला टिपून घेतं.

औषधाची वाट तुलनेने सरळ होती. जपानमध्ये टोसिलिझुमॅबला २००५ मध्ये कॅसलमन या लसीकाग्रंथींच्या आजारासाठी आणि २००८ मध्ये संधिवातासाठी परवानगी मिळाली, अमेरिकेत २०१० मध्ये. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात रक्ताच्या कर्करोगासाठी कार-टी पेशी (कर्करोगावर हल्ला करायला जनुकीय बदल केलेल्या रोगप्रतिकारक पेशी) दिलेली एक लहान मुलगी तीव्र दाहाने अत्यवस्थ झाली होती. तिचा आयएल-६ प्रचंड वाढल्याचं दिसल्यावर हेच औषध दिलं गेलं आणि ती वाचली. २०१७ मध्ये पहिल्या कार-टी उपचारासोबतच या वापरालाही अमेरिकेत मान्यता मिळाली.

कोविडमधला गोंधळ इथूनच सुरू झाला. ‘सायटोकाइन स्टॉर्म’ (आयएल-६सारख्या संकेत देणाऱ्या प्रथिनांचं वादळ) हा शब्द कार-टीच्या अनुभवातून उचलला गेला. वास्तविक कोविडच्या बहुतेक रुग्णांतली आयएल-६ची पातळी त्या वादळाच्या तुलनेत कितीतरी कमी होती. चीनमधल्या मोजक्या रुग्णांच्या, तुलनागट नसलेल्या अनुभवावर २०२० च्या सुरुवातीला जगभर औषध वापरलं जाऊ लागलं. मग चाचण्यांचे निकाल येऊ लागले आणि ते निराशाजनक होते. उत्पादक कंपनीच्या मोठ्या चाचणीत मृत्यूचं प्रमाण दोन्ही गटांत साधारण सारखंच होतं. भारतातल्या १२ रुग्णालयांत १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीतही सरसकट वापराला आधार मिळाला नाही.

२०२१ च्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या चाचणीने पारडं फिरवलं. ४,११६ रुग्णांच्या या चाचणीत २८ दिवसांतले मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. बहुतेकांना स्टेरॉइड चालू होतं. घेतले होते ते फक्त ऑक्सिजन कमी असलेले आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून जास्त असलेले रुग्ण. आयएल-६चा आकडा हा निकषच नव्हता, आणि मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. सीआरपी यकृत बनवतं, तेही मुख्यतः त्याच्या पेशींवरच्या रिसेप्टरने आयएल-६ टिपल्यावर. रक्तात किती आयएल-६ आहे यापेक्षा पेशींनी त्यातलं किती ऐकलं, हे त्यातून कळतं. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत आयएल-६चा रिपोर्ट पाहून चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या, कुप्या काळ्या बाजारात जात होत्या, केंद्राला राज्यनिहाय वाटप करावं लागलं. औषधावरचा जीएसटी शून्यावर आला तो जून २०२१ मध्ये, लाट ओसरताना.

सीआरपीचीही एक मेख आहे. रिसेप्टर अडवल्यावर यकृताला आयएल-६ ऐकूच येत नाही, त्यामुळे नव्याने जिवाणूसंसर्ग झाला तरी पुढचे काही आठवडे सीआरपी खालीच राहू शकतो. ताप फारसा न येता न्यूमोनिया वाढल्याची उदाहरणं संधिवाताच्या रुग्णांत आधीपासून माहीत होती.

आता प्रयत्न आहे तो फक्त सुट्या रिसेप्टरची वाट बंद करण्याचा, म्हणजे यकृताचं आणि संसर्गाविरुद्धचं काम चालू राहील. सुट्या जीपी-१३०वरून बेतलेल्या ओलामकिसेप्ट या औषधाची मोठ्या आतड्याच्या दाहावर, अल्सरेटिव्ह कोलायटिसवर, पूर्व आशियात चाचणी झाली आणि तिचे निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या डोसमध्ये फायदा दिसला, छोट्या डोसमध्ये तो सिद्ध झाला नाही.