संशोधनातली लहान मुलं आणि त्यांची संमती

लहान मुलांना किंवा टीनएजर पोरापोरींना औषधाच्या ट्रायलमध्ये, लसीच्या चाचणीत, सर्व्हेत नाहीतर मुलाखतीत घ्यायचं तर कोणत्या अटींवर घ्यायचं, त्याचे नियम आणि त्यावरचे वाद म्हणजे हा विषय. भारतात १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत माणूस कायद्यानं अज्ञान, त्याच्या सहीला किंमत नाही, सही आईवडिलांची लागते, पण सुई मात्र त्याच्याच दंडात जाते. घोळ सगळा इथेच आहे.

मग मुलांना घ्यायचंच कशाला, मोठ्यांवर करा ना सगळं, असं कुणालाही वाटेल. पण त्याचा परिणाम घराघरात दिसतो. डॉक्टर अर्धी गोळी लिहून देतात, आई ओट्यावर सुरीनं गोळी कापते, एक तुकडा टुणकन उडून कुठेतरी जातो, उरलेला चमच्यात चुरून साखरेच्या पाण्यातून पोराला पाजतात, त्यातलं निम्मं पोर थुंकतं. नेमकं किती औषध पोटात गेलं हे कुणालाच माहीत नसतं, आणि बऱ्याच औषधांचं तर मुलांना किती द्यायचं हेही कधी नीट तपासलेलं नसतं, मोठ्यांचा डोस वजनाच्या हिशोबानं कमी केलेला असतो एवढंच. मूल म्हणजे छोट्या साइझचा मोठा माणूस नव्हे. क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक नवजात बाळांना दिलं तेव्हा त्यांचं कोवळं यकृत ते निपटू शकलं नाही, बाळं राखाडी पडून दगावली, आणि हे कशामुळे होतंय ते १९५९ च्या सुमाराला कळलं. हॅरी शर्की या अमेरिकन बालरोगतज्ज्ञानं १९६० च्या दशकात अशा मुलांना ‘उपचारांतली अनाथ मुलं’ म्हटलं होतं. म्हणजे ट्रायलमध्ये नाही घेतलं तरी प्रयोग होतोच, फक्त तो घरी होतो आणि त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

इतिहास काही अभिमानाचा नाही. एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरनं १७९६ मध्ये गोस्तन देवीची (गाईंना होणाऱ्या सौम्य देवीची) पहिली लस टोचली ती आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला, जेम्स फिप्सला, आणि नंतर लस लागू पडली का ते बघायला त्याला खरी देवीही टोचली. आपल्याकडे पहिली लस मुंबईत, १४ जून १८०२ ला, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा फ्रिज नव्हते, बर्फाचे डबे नव्हते, लस जिवंत ठेवायची तर एकाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याला टोचायची, म्हणून ॲनाच्या हातावरची लस पुढे इतर मुलांना आणि तिथून पुण्याला आणि बाकी ठिकाणी गेली. स्पेनच्या राजानं १८०३ मध्ये अशीच लस अमेरिका खंडात पाठवली ती २२ अनाथ मुलांच्या दंडांवरून, जहाजात दर काही दिवसांनी दोघादोघांना टोचत टोचत. लसीनं लाखो जीव वाचले हे खरंच आहे, पण ती मुलं अनाथाश्रमातलीच का निवडली, याचं उत्तर सोपं आहे, नाही म्हणणारं कुणी मागे नव्हतं.

न्यूयॉर्कच्या विलोब्रूक या मतिमंद मुलांच्या संस्थेत १९५६ पासून पुढे बरीच वर्षं मुलांना मुद्दाम काविळीची लागण करून अभ्यास झाला. डॉक्टरांचं म्हणणं असं की इथे ही कावीळ सगळ्यांना होतेच, मग आमच्या देखरेखीखाली झालेली काय वाईट. आणि आईबापांच्या सह्या होत्या बरं का! पण १९६४ च्या सुमाराला संस्था भरली, साधा प्रवेश बंद झाला आणि संशोधनाच्या वॉर्डात मात्र जागा होती. घरी सांभाळणं अशक्य झालेलं मूल घेऊन दारात उभी असलेली आई अशा वेळी सही करते त्याला संमती म्हणायचं का? मला तरी नाही वाटत.

नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून निघालेल्या न्यूरेंबर्ग संहितेत (१९४७) माणसाची स्वतःची, मनापासूनची संमती ही पहिलीच अट आहे, ती शब्दशः धरली तर मुलांवर संशोधन होऊच शकत नाही. डॉक्टरांच्या जागतिक संघटनेच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यानं पालकांच्या संमतीची वाट काढली. भारतात आयसीएमआरनं, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेनं, २०१७ मध्ये मुलांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार सात वर्षांखाली पालकांची संमती पुरते, ७ ते १२ मध्ये मुलाला समजेल असं सांगून आईबापांसमोर त्याचा तोंडी होकार घ्यायचा, १२ ते १८ मध्ये सोप्या भाषेतल्या फॉर्मवर लेखी. धोका अगदी किरकोळ असेल किंवा मुलाचा थेट फायदा असेल तर एका पालकाची सही चालते, धोका जास्त आणि मुलाला स्वतःला फायदा नाही असं असेल तर दोघांची लागू शकते. या होकाराला इंग्रजीतून आलेला असेंट हाच शब्द जास्त चालतो, फॉर्मवर कुठे अनुमती, कुठे सहमती छापतात. शब्द काहीही वापरा, मुद्दा नकाराचा आहे. नऊ वर्षांच्या पोराला डॉक्टरकाकांनी विचारलं, रक्त देशील ना रे, शहाणा ना तू, आणि बाजूला बाबा डोळे वटारून बसलेत, तर ते पोर मान हलवणारच. ज्यांना हे काम येतं ते आधी मुलालाच विचारतात की मी आत्ता काय सांगितलं ते तू मला सांग बरं, आणि तो म्हणाला की तुम्ही मला बरं करायला सुई देणार, तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, कारण ती सुई त्याला बरं करायला नसतेच.

सह्यांचं काय होतं ते बघायचं तर खम्मम बघावं. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वयाच्या हजारो मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी, लस देण्यात आली, पाथ ही अमेरिकन संस्था, आयसीएमआर आणि राज्य सरकारं मिळून. खम्मममधल्या बऱ्याच मुली आदिवासी भागातल्या, सरकारी होस्टेलवर राहणाऱ्या. सात मुलींचे मृत्यू झाल्यावर एप्रिल २०१० मध्ये काम थांबलं. चौकशी समितीला मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही, कुणी बुडून गेली, कुणाला साप चावला, कुणी विषारी औषध घेतलं. तेव्हा लस वाईट होती असा अर्थ इथे कुणी काढू नये. पण कागद तपासले तर आंध्रातल्या ९,५४३ फॉर्मपैकी २,७६३ वर होस्टेलच्या वॉर्डननं सह्या केलेल्या आणि १,९४८ वर अंगठे. आई गावात, मुलगी होस्टेलवर, वॉर्डनसमोर फॉर्मचा गठ्ठा, आणि सह्या ठोकल्या. ज्या बाईला होस्टेलच्या जेवणाचा आणि हजेरीचा हिशोब द्यायचाय तिला पालकांच्या वतीनं हो म्हणायचा हक्क कुणी दिला? वर हे संशोधन नव्हेच, नुसता प्रात्यक्षिक प्रकल्प आहे, असा युक्तिवाद. संसदेच्या स्थायी समितीनं २०१३ च्या अहवालात याची चांगलीच सालटी काढली. आयसीएमआरची नंतरची तत्त्वं सांगतात की वसतिगृहातली, अनाथालयातली मुलं केवळ सहज सापडतात म्हणून घेऊ नका.

नीट करायचं ठरवलं तर क्रम कसा असतो ते कोविडमध्ये दिसलं. २०२१ मध्ये कोवॅक्सिनची २ ते १८ वयाच्या ५२५ मुलांवर ट्रायल झाली, नागपूरचंही सेंटर त्यात होतं, आणि आधी १२ ते १८, त्यांना काही झालं नाही तर ६ ते १२, मग २ ते ६ असं वरून खाली उतरत गेले.

सुई नसली की मात्र लोक निर्धास्त होतात. आठवीच्या वर्गात बाई सांगतात, पाहुणे आलेत, दोन तास फॉर्म भरायचेत, कुणी बोलायचं नाही. मुख्याध्यापकांचं परवानगीपत्र फाईलला लागलेलं असतं, पण ती शाळेत शिरायची परवानगी, मुलांची संमती नव्हे, आणि फॉर्ममध्ये वडील दारू पितात का, घरी मारतात का असले प्रश्न. कोरा फॉर्म परत देता येतो हे मुलांना सांगितलेलंच नसतं, आणि भरलेले फॉर्म गोळा करायला मॉनिटर.

टीनएजरांच्या बाबतीत अजून एक पेच आहे. १६ वर्षांच्या मुलीला तिच्या बॉयफ्रेंडबद्दल विचारायचं तर आधी आईवडिलांची सही आणायची? ती खरं कशाला बोलेल! अशा विषयांत पालकांच्या संमतीला सूट द्यायची मुभा काही देशांतल्या, संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समित्यांना असते. पण भारतात मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा २०१२ चा पॉक्सो कायदा १८ खालच्या सगळ्यांना लागू, आणि त्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक, संशोधकालाही. मग ‘तू सांगशील ते कुणाला कळणार नाही’ हे वाक्य फॉर्मवर छापणं सरळ सरळ खोटं ठरतं. प्रामाणिक संशोधक ही मर्यादा सुरुवातीलाच सांगतात, त्यावर काही मुली उठून जातात, आणि मग डेटा अपुरा राहिला म्हणून गाइड ओरडतात.

पैशांचं थोडक्यात. प्रवासखर्च, बुडालेली रोजी, खाऊ, पेनाचा सेट इतपत ठीक, रक्कम एवढी मोठी नको की बापानं पोराचं ऐकूच नये.

दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासांत मूल मधेच मोठं होतं ही वेगळीच गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भारपणातल्या आहारावर अभ्यास सुरू केला, त्यात जन्मलेल्या मुलांच्या तपासण्या पुढे ६, १२, १८ व्या वर्षी होत राहिल्या. सुरुवातीला तर ही मुलं जन्मलीही नव्हती. आताच्या नियमानं अशा मुलाला १८ पूर्ण झाली की संमती नव्यानं घ्यावी लागते, त्याच्या स्वतःच्या सहीनं. तोवर वजनं, उंच्या, रक्ताचे रिपोर्ट सगळं जमलेलं असतं, आणि तो म्हणू शकतो की मला आता नाही यायचं.