ओव्हल होल आर्चटॉप वाजवणाऱ्यांसाठी: सगळ्या तारा एकदम काढू नका

आमच्याकडून ओव्हल होलची आर्चटॉप (वरची फळी, म्हणजे टॉप, कोरून फुगीर केलेली आणि मध्ये लंबगोल भोक असलेली गिटार) घेतलेल्या, किंवा जुनी आणून आमच्याकडे सेटअप करून घेतलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी येऊन सांगतं की नेक वाकलीये, वरच्या फ्रेट्सवर सूर लागत नाही. आम्ही पट्टी लावून बघतो तर नेक सरळ असते, फक्त ब्रिज (टॉपवरचा, तारांना टेकू देणारा लाकडी तुकडा) जागेवरून सरकलेला असतो, कारण तारा बदलताना सहाच्या सहा एकदम काढलेल्या असतात.

साध्या फ्लॅटटॉप अकूस्टिकचा ब्रिज चिकटवलेला असतो, त्यामुळे तीच सवय इथेही चालेल असं वाटतं. आर्चटॉपचा ब्रिज व्हायोलिनच्या घोडीसारखा नुसता उभा असतो, तारा मागे टेलपीसला (गिटारच्या तळाच्या टोकाला लावलेल्या पट्टीला) अडकवलेल्या असतात आणि त्यांच्या दाबानेच तो टॉपवर बसलेला असतो. तारा गेल्या की दाब गेला, मग फडक्याने पुसताना तो हलतो, कधी पडतो, आणि परत लावताना अंदाजाने ठेवला जातो, कधी तर उलटासुद्धा.

म्हणून एक तार काढा, तिच्या जागी नवी लावा, सुरात आणा, मग पुढची. त्याआधी ब्रिजच्या पायांलगत टॉपवर कागदी मास्किंग टेपचे छोटे तुकडे लावून ठेवा म्हणजे जागा लक्षात राहील (पॉलिश जुनं असेल तर टेप नको, मोजून लिहून ठेवा). सुरात आणताना तारा ब्रिजचं डोकं नेकच्या बाजूला ओढतात, तर मधूनमधून बाजूने बघून तो सरळ करत राहा, वाकलेला ठेवला तर नंतर लाकूड कायमचं वाकडं होतं.

आणि सरकलाच असेल तर घाबरू नका. बाराव्या फ्रेटवर आधी हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) वाजवा, मग तीच तार तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा वाटला तर ब्रिज टेलपीसकडे, उतरलेला वाटला तर नेककडे, अगदी केसभर. सरकवण्याआधी तारा थोड्या सैल करा, ब्रिजची उंची कमीजास्त करणारी चाकं फिरवण्याआधीही. बारीक ई आणि जाड ई, दोन्ही बघा. बाकी सगळं बरोबर आणि फक्त तिसरी जी तार चढी येत असेल तर तारांचा सेट तपासा, आमचे सॅडल (ब्रिजचा वरचा, तारा टेकतात तो भाग) वरून बारीक तार गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेसाठी कापलेले असतात आणि इलेक्ट्रिकच्या बऱ्याच सेटमध्ये ती तार साधी असते.

ब्रिज चिकटवूनच का देत नाही, असं खूप जण विचारतात. तारांची जाडी बदलली की ब्रिजची योग्य जागाही जराशी बदलते आणि चिकटवला तर ती सोय जाते, शिवाय पुढे कधी काढायचा म्हटलं तर टॉपचं पॉलिश उखडतं. आम्ही ते करत नाही, करणारही नाही.

दुसरा प्रश्न, जॅझची गिटार म्हणजे एफ होल (इंग्रजी एफ अक्षराच्या आकाराची दोन भोकं) ना, मग ही अशी कशी? खरं तर कोरलेल्या टॉपची गिटार आधी गोल किंवा ओव्हल होलचीच होती. अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलमझूला गिब्सन कंपनीची एल-४ ओव्हल होलची निघायची, सुरुवातीच्या काळातला जॅझ गिटारवादक एडी लँगने ती वाजवलीये. एफ होलची एल-५ आली १९२२ मध्ये, वाद्यांचं डिझाइन करणारा लॉइड लोअर गिब्सनमध्ये असताना, आणि ब्रासच्या (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांच्या) गर्दीत कॉर्ड ऐकू यायला तिचा तो चटकन उठणारा, चटकन विझणारा आवाज कामाचा होता म्हणून बँडवाल्यांनी ती उचलली. ओव्हल होलमध्ये खर्ज जास्त भरलेला येतो, सूर जरा जास्त रेंगाळतो, मधले सूर गोल वाटतात. एकट्याने वाजवायला, ड्युओला किंवा गाणाऱ्याच्या मागे आम्हाला हीच जास्त आवडते. मोठ्या बँडमध्ये जोरात र्‍हिदम मारायचा असेल तर एफ होलच घ्या, ते आम्ही दुकानातही सांगतो.

जॅझ गिटारवादक जॅंगो राइनहार्टसारखी हवी म्हणून येणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या की त्याची ती पॅरिसच्या सेल्मर कंपनीची गिटार वेगळी. मारिओ माकाफेरीचं डिझाइन, १९३२ पासूनचं, आधी डी आकाराचं मोठं होल, नंतर छोटं ओव्हल आणि ६७० मिलिमीटरची लांब स्केल (तारेची वाजणारी लांबी). तिचा टॉप कोरलेला नसतो, पातळ फळी किंचित वाकवलेली असते, आवाज कोरडा आणि धारदार. पण ब्रिज तिचाही सुटाच, म्हणजे वरचं सगळं तिलाही लागू.

पावसाळ्यात सॉलिड स्प्रूसचा टॉप दमटपणाने फुगून थोडा वर येतो आणि तारा उंच वाटतात, तेव्हा लगेच सॅडल घासू नका, आधी आम्हाला दाखवा. तारांचा सेट आमच्याकडून घेतला तर गिटार सोबत आणा, एकेक तार करून आम्हीच बदलून देतो आणि ब्रिजची जागा तिथल्या तिथे तपासून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ब्रिज पडल्यावर आणलीत तर मात्र पूर्ण सेटअप धरावा लागतो, त्यात आमचा अर्धा दिवस जातो. आणताना पडलेला ब्रिज, सॅडल, चाकं, सगळं एका पिशवीत घालून आणा.