स्वयमच्या संगणक कोर्सचे क्रेडिट: नाशिकच्या विद्यार्थी-प्राध्यापकांसाठी अर्जाची माहिती

स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर कोर्सला नाव नोंदवायला एक रुपयाही लागत नाही. क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, मात्र नुसत्या नोंदणीने मिळत नाही. त्यासाठी महाविद्यालयाची मंजुरी, परीक्षेचा स्वतंत्र अर्ज आणि एबीसी खाते (क्रेडिट जमा होणारी ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’), तिन्ही लागते. म्हणून नाशिक शहरात असा की सिन्नर-दिंडोरीला, आधी विभागप्रमुखांना भेटा, पोर्टल नंतर उघडा.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून घेता येतात; पण कोणते चालतील हे तुमचे विद्यापीठ ठरवते. पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयातल्या मित्राला चालला तो कोर्स मुक्त विद्यापीठात चालेलच असे नाही. कोर्सचे नाव, कोड, कालावधी आणि क्रेडिट लिहून अर्ज द्या आणि मंजुरी लेखीच घ्या. कोर्स शिकायला पात्रतेची अट सहसा नसते, क्रेडिटसाठी मात्र त्या सत्राला तुमचा प्रवेश हवा.

एबीसी खाते डिजिलॉकरमधून उघडते. आधार, त्याला जोडलेला मोबाइल आणि महाविद्यालयाचा नोंदणी क्रमांक जवळ ठेवा. शेवटी १२ अंकी क्रमांक मिळतो, तो महाविद्यालयात कळवा. बहुतेकांचे घोडे इथेच अडते: आधारला जुना मोबाइल असतो आणि ओटीपी येत नाही, किंवा आधारवर ‘वडिलांचे नाव-आडनाव’ एका क्रमाने आणि महाविद्यालयात दुसऱ्या क्रमाने असते. ही दुरुस्ती सत्राच्या सुरुवातीलाच करून घ्या. निकालाच्या वेळी धावपळ करून ती वेळेत होत नाही.

स्वयमवरचे एनपीटीईएलचे (आयआयटी आणि आयआयएस्सीच्या उपक्रमाचे) कोर्स जानेवारी आणि जुलैच्या सत्रांत चालतात. नोंदणीला जो ईमेल वापरला, तोच परीक्षेच्या अर्जात द्या. दुसरा दिला तर तुमच्या असाइनमेंटचे गुण परीक्षेला जोडले जात नाहीत. अर्जात फोटो, सही आणि प्रमाणपत्रावर हवे तसे अचूक नाव लागते. परीक्षेच्या शुल्कात सवलत मागायची असेल तर जातीचे किंवा अपंगत्वाचे प्रमाणपत्र. परीक्षेचे शहर लवकर निवडा. परीक्षेला हॉल तिकीट आणि मूळ ओळखपत्र न्या, झेरॉक्स चालत नाही.

गुणांचा हिशेब नीट समजून घ्या. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ८ असाइनमेंटच्या सरासरीला २५ गुण, परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० हे दोन्ही हवे. असाइनमेंटला २० आणि परीक्षेत २८ मिळाले तर बेरीज ४८ होते, तरीही प्रमाणपत्र मिळत नाही. व्हिडिओ नुसते बघून पुढे जाणाऱ्यांची परीक्षेत हीच गत होते. पायथनचा कोर्स असेल तर दर आठवड्याला कोड स्वतः टाइप करा. असाइनमेंटची मुदतही पाळा, ती उलटली की त्या आठवड्याचे गुण गेले.

प्राध्यापकांनाही हीच परीक्षा देता येते. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) संस्थांतल्या शिक्षकांसाठी यातले ठरावीक कोर्स एफडीपी, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षण, म्हणून धरले जातात. १२ आठवड्यांचा कोर्स दीड आठवड्याच्या एफडीपीइतका. दुसरा मार्ग मालवीय मिशन या यूजीसीच्या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचा. तिथल्या आठ विषयांत माहिती-तंत्रज्ञान आहे आणि वर्ग ऑनलाइन भरतात, त्यामुळे पुण्याला जावे लागत नाही. प्राचार्यांचे परवानगीपत्र मात्र अर्ज करण्याआधीच घेऊन ठेवा.