४० मायक्रॉनची शिल्लक

साखर कारखान्यांचे हंगाम सुरू झाले की आमच्या कोल्हापूरकडे सकाळी गाडीच्या बॉनेटवर काळ्या राखेचे हलके तुकडे पडलेले दिसतात. रात्री कुणाच्या तरी शिवारात पाचट पेटलेलं असतं, वारा ती राख गावात आणून टाकतो. कामावर जायला उशीर होत असतो, दारात फडका असतो. दोन हात मारायचे आणि निघायचं. रंगाचं नुकसान इथंच सुरू होतं.

उसाच्या फडात तोडणी केलेल्या माणसाला विचारा, पाला अंगाला कसा कापतो ते. ऊस जमिनीतून पाण्याबरोबर सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच कठीण द्रव्य, शोषतो आणि ती पानांत साठवतो. पान जळतं, पण सिलिका जळत नाही, ती राखेत उरते. त्यात रस्त्यावरची धूळ मिसळते. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यातली खनिजं साधारण काचेइतकी कठीण असतात. गाडीवर सर्वांत वर असतो तो क्लिअर कोट, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा पारदर्शक थर, आणि तो काचेपुढं फारच मऊ. तालमीत आखाड्याची माती चाळून घेतात, कारण एक बारीक खडा राहिला तरी पैलवानाची पाठ सोलून निघते. फडक्याचंही तसंच आहे. तो कितीही मऊ असो, त्यात अडकलेला कण मऊ नसतो.

हे ओरखडे पाहायचे असतील तर संध्याकाळी रंकाळ्यावर जा आणि मावळतीच्या उन्हात उभी असलेली एखादी काळी गाडी निरखा. सूर्याचं प्रतिबिंब पडतं त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. गोल गोल पुसल्यामुळं ही वर्तुळं पडली, असं बहुतेकांना वाटतं. खरं म्हणजे ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले असतात. पण त्यांतले जे प्रकाशाला आडवे असतात, तेवढेच उजेड आपल्या डोळ्याकडं वळवतात, बाकीचे दिसतच नाहीत. प्रतिबिंबाच्या चहूबाजूंनी असे आडवे तुकडे उजळले की त्यांचं वर्तुळ भासतं. डोकं हलवा, वर्तुळही तुमच्याबरोबर सरकेल. घरातल्या स्टीलच्या ताटावर दिव्याखाली हाच प्रयोग करता येतो. म्हणून ‘सरळ पुसा, गोल पुसू नका’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. सरळ पुसलं तर ओरखडे एकाच बाजूनं दिसतील एवढंच, ते पडायचे काही थांबत नाहीत. आधी भरपूर पाण्यानं राख आणि धूळ वाहून जाऊ द्यावी, मग शांपूचं पाणी आणि मायक्रोफायबरचा मऊ फडका. फडका खळबळायला दुसरी बादली ठेवावी, आणि फडका जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद.

आता जाडीकडं येऊ, कारण सगळा खेळ तिथं आहे. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि शेवटी क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यात क्लिअर कोट असतो ४० मायक्रॉनच्या आसपास, डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्यं त्यातच असतात.

मशीन पॉलिशनं ओरखडा जातो म्हणजे तो भरून निघत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून खाली आणला जातो. पॉलिशच्या लेपात, म्हणजे कम्पाउंडमध्ये, बहुधा ॲल्युमिनिअम ऑक्साइडची बारीक पूड असते, तीच हे काम करते. हुपरीच्या कारागिराला हे सांगायला नको. भरीव चांदीचा दागिना तो कितीदाही उजळून देईल, पण मुलामा दिलेल्या वस्तूला हात लावताना दहादा विचार करेल. आपली गाडी मुलाम्याचीच वस्तू आहे. एका वेळी दोन-तीन मायक्रॉन गेले तर चालतं. दरवर्षी दसऱ्याला नेमानं कम्पाउंड मारलं, तर काही वर्षांनी टपावर आणि बॉनेटवर पांढुरके पापुद्रे सुटायला लागतात.

आमच्या गडद निळ्या गाडीवर याच्याही पुढचा प्रकार झाला. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात ती पॉलिशला दिली होती. परत आली तेव्हा लखलखत होती, पण बॉनेटच्या उठावाच्या रेषेवर बोटभर लांबीचा राखाडी पट्टा उमटला होता. रंग जाऊन प्रायमर उघडा पडला होता. ‘दादा, कडंला मशीन लागलं,’ पॉलिश करणारा पोरगा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याला रागवावंसं वाटलं नाही, कारण कडेला काय घडतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

कडेला दोन गोष्टी एकदम घडतात. ओला रंग पृष्ठताणामुळं धारेवरून दोन्ही अंगांना सरकतो, त्यामुळं धारेवरचा थर मुळातच पातळ राहतो. आणि सपाट भागावर मशीनचा भार तळहाताएवढ्या पॅडवर पसरतो, तोच भार धारेवर एका रेषेत एकवटतो. क्षेत्रफळ घटलं की दाब वाढतो, शाळेत शिकलेलं तेच सूत्र. त्यात रोटरी मशीन एकाच जागी गरगर फिरतं, सगळी घर्षणाची उष्णता तिथंच. क्लिअर कोट तापला की मऊ पडतो आणि क्षणात खरवडला जातो. ड्युअल ॲक्शन मशीनचं पॅड फिरता फिरता डोलतंही, आणि दाब जास्त झाला की फिरायचं थांबतं. नवशिक्याच्या हातात तेच द्यावं. कडांवर, उठावाच्या रेषांवर मास्किंग टेप लावायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

बंपरला तर जास्तच जपायला हवं. पत्रा उष्णता चटकन पसरवतो, प्लास्टिक ती जागच्या जागी धरून ठेवतं. मधूनमधून मशीन थांबवून हाताची पालथी बाजू लावून पाहावी, चटका बसत असेल तर काम थांबवावं. जाडी मोजणारं नेहमीचं मीटर चुंबकीय तत्त्वावर चालतं, ते प्लास्टिकवर काहीच सांगत नाही. पत्र्यावरही आकडा डोळे झाकून मानू नये. कुठं ३००-४०० मायक्रॉन दिसले म्हणजे मोकळीक मिळाली असं नाही, तिथं बहुधा पुटी भरून पुन्हा रंग मारलेला असतो आणि वरचा क्लिअर किती आहे ते कळत नाही.

दसरा चौकात सीमोल्लंघनाला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते, तेव्हा गर्दीत उभं राहून मी तिच्या रंगाकडंच बघत असतो. त्या जमान्यातल्या मोटारींना क्लिअर कोट नसे, रंग हाच शेवटचा थर. तसल्या जुन्या गाडीला पॉलिश करताना फडक्याला रंग लागणारच. हल्लीच्या गाडीत फडक्याला रंग लागला, तर मात्र त्याच क्षणी हात थांबवायला हवा.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींजवळ गाडी लावणाऱ्यांना पांढऱ्या रंगावर तांबूस ठिपके ओळखीचे असतील. ग्राइंडिंगचे तापलेले लोखंडी कण क्लिअर कोटमध्ये रुततात आणि मग गंजतात. ते घासून काढायला गेलं तर सुटलेला कण पॅडखाली फरफटतो आणि नवी रेघ ओढतो. लोखंड विरघळवणारं क्लीनर मिळतं. त्यात थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं, लोखंडाशी संयोग झाला की ते जांभळं होतं आणि ओघळतं. सावलीत, थंड पत्र्यावर लावावं आणि वाळण्याआधी धुवावं.

काही नुकसानं रंगाबाहेरची असतात. गाडी चमकावी म्हणून डिझेलचा बोळा फिरवतात, पण दारांचं रबर खनिज तेलानं फुगतं आणि सैल पडतं. टायरला चमक आणणारा सिलिकॉन स्प्रे ब्रेकच्या डिस्कवर उडाला तर ब्रेक लागायचा नाही, हा जिवाशी खेळ आहे. तो फडक्यावर घेऊनच टायरला लावावा. पिवळे पडलेले हेडलाइट घासले की स्वच्छ होतात खरे, पण हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकवरचा ऊन अडवणारा थरही त्याबरोबर जातो. नवं कोटिंग दिलं नाही तर काही महिन्यांत ते पुन्हा पिवळे होतात.

यंदा खंडेनवमीच्या पूजेनंतर आईनं काढलेल्या हळदीच्या स्वस्तिकाचा पिवळा डाग बॉनेटवर राहिला. भाऊ कम्पाउंडची डबी घेऊन आला होता. मी त्याला थांबवलं, साध्या शांपूनं धुऊन गाडी अंगणात उन्हात लावायला सांगितली. हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिन या रंगद्रव्याचा, आणि कर्क्युमिन उजेडात तुटतं. रोज संध्याकाळी आई बाहेर येऊन बघायची, डाग आदल्या दिवसापेक्षा फिका दिसायचा.